डिस्चार्ज बुकात न चढलेले युद्धपदक : सैनिकी नोंद दुरुस्त करून घेण्याची रीत

माझ्या वडिलांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी सैनिकाला मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत, रक्षा पदक १९६५ ची नोंद होती, पण लढाऊ क्षेत्रातल्या सेवेसाठी मिळणाऱ्या समर सेवा स्टार या पदकाची नोंद नव्हती. १९६५ च्या लढाईत ते पलटणीबरोबर सरहद्दीवर होते, सप्टेंबरमध्ये जखमी होऊन लष्करी इस्पितळात दाखल झाले आणि बरे झाल्यावर त्यांना त्याच पलटणीत परत न पाठवता रेजिमेंटल सेंटरच्या डेपोत ठेवले गेले. पुढे पलटणीने पदकासाठी नावांची यादी तयार केली तेव्हा ते तिच्या पटावर नव्हते, आणि सेंटरने त्यांचे नाव वेगळे कळवले नाही. आम्ही घरच्यांनी चार वर्षे अर्ज केले. प्रत्येक अर्जात ‘पदक मिळावे’ अशी विनंती असे आणि प्रत्येक वेळी ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर येई. फार उशिरा ध्यानात आले की मागायचे ते पदक नसून नोंद आहे. नोंद दुरुस्त झाली की पदक तिच्यामागून येते. नागपूर, कामठी आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ज्या माजी सैनिकांच्या किंवा वीरपत्नींच्या घरी अशीच अडचण असेल, त्यांची ती चार वर्षे वाचावीत यासाठी हे लिहीत आहे.

आधी नोंद कशी तयार होते ते समजून घ्यावे लागते. सैनिकाच्या बाबतीत जे काही घडते, म्हणजे बदली, बढती, जखम, लग्न, अपत्यजन्म आणि पदकाची पात्रता, ते त्याची युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध करते. ही ऑर्डर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात पोचते आणि तिच्या आधारे सैनिकाच्या सेवापत्रकात, ज्याला शीट रोल म्हणतात त्यात, नोंद चढते. निवृत्तीच्या वेळी त्याच कागदांवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. चूक या साखळीत तीन ठिकाणी होऊ शकते. ऑर्डर निघालीच नसेल, निघाली पण शीट रोलवर चढली नसेल, किंवा शीट रोलवर आहे पण डिस्चार्ज बुक भरणाऱ्याने ती ओळ गाळली असेल. तिसऱ्या प्रकारात एक साधे पत्र पुरते, दुसऱ्यात ऑर्डरचा क्रमांक व तारीख सापडावी लागते आणि पहिल्यात पुरावा उभा करावा लागतो. आपली अडचण यांपैकी कोणती हे कळल्याशिवाय अर्ज करू नये, कारण आमची सगळी चूक तिथेच झाली होती.

त्याहीआधी, जे पदक आपण मागतो ते सैनिकाला खरोखर लागू आहे का, हे पाहावे. गावात ‘पासष्टचे मेडल’, ‘एकाहत्तरचे मेडल’ असे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक लढायांसाठी एकाहून अधिक पदके आहेत आणि त्यांच्या अटी वेगळ्या आहेत. १९४७-४८ च्या काश्मीर लढाईसाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्यावर जम्मू-काश्मीरची पट्टी असते. १९६५ साठी समर सेवा स्टार आहे, आणि तो ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात ठरवून दिलेल्या लढाऊ क्षेत्रात सेवा केलेल्यांसाठी आहे. रक्षा पदक त्या काळी सेवेत असलेल्या कितीतरी मोठ्या वर्गाला मिळाले. १९७१ साठी पूर्व आघाडीचा पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीचा पश्चिमी स्टार आणि त्यांच्याहून व्यापक असे संग्राम पदक आहे, ज्याचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा धरला जातो. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल अशी दोन वेगळी पदके आहेत. स्टार हा लढाऊ क्षेत्राशी बांधलेला असतो. म्हणून स्टार मागताना सैनिक त्या काळात नेमका कुठे होता, हाच सगळा प्रश्न असतो. लढाईच्या वेळी जो फौजी बरेलीच्या किंवा जबलपूरच्या डेपोत होता, त्याची सेवा कमी मोलाची नव्हती, पण स्टार त्याला लागू होत नाही, आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांना हळुवारपणे समजावून सांगावे लागते.

शौर्यपदकांची गोष्ट निराळी आहे. वीरचक्र, सेना मेडल किंवा ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ यांची घोषणा भारताच्या राजपत्रात नावानिशी होते, म्हणून तिथे राजपत्राची तारीख हाच निर्णायक पुरावा असतो. हा लेख प्रामुख्याने लढाईतल्या सहभागाच्या पदकांविषयी आहे. त्यांची नावे राजपत्रात छापली जात नाहीत आणि त्यांना मासिक भत्ताही जोडलेला नसतो.

आता अर्ज कुठे करायचा. पुष्कळ जण कामठीला जातात, कारण छावणी जवळ आहे. पण कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस आहे. सैनिक गार्ड्सचा नसेल तर तिथे त्याचा कागद असणार नाही. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला आणि बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला आहे. वायुसेनेच्या जवानांचे रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्क येथे आहे. नागपुरातल्या वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय असले तरी जुन्या सेवानोंदी तिथे मिळत नाहीत. नौदलाच्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला आहेत. सैनिकाने मध्येच कोअर किंवा रेजिमेंट बदलली असेल, तर निवृत्तीच्या वेळी तो ज्या रेजिमेंटचा होता तिचे रेकॉर्ड ऑफिस धरावे.

नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मात्र जरूर जावे. ते कार्यालय स्वतः नोंद दुरुस्त करू शकत नाही, पण तिथले कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिक असतात, त्यांना रेकॉर्ड ऑफिसचा चालू पत्ता माहीत असतो, आणि त्यांच्या आवक-जावक क्रमांकाने पुढे गेलेल्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता एकट्याने टाकलेल्या पत्रापेक्षा जास्त असते, असा माझा अनुभव आहे. जाताना डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पी.पी.ओ., माजी सैनिक ओळखपत्र, आधार कार्ड आणि या सर्वांच्या प्रती न्याव्यात.

पहिले पत्र मागणीचे नसावे, चौकशीचे असावे. माहिती अधिकार कायदा २००५ यासाठी उत्तम साधन आहे. शुल्क १० रुपये, ते पोस्टल ऑर्डरने भरता येते, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. या कायद्यातून सूट दिलेल्या संस्थांच्या कलम २४ च्या यादीत सैन्य नाही, आणि स्वतःची सेवानोंद मागण्यास वैयक्तिक माहितीची आडकाठी येत नाही. विधवेने किंवा मुलाने अर्ज केल्यास नात्याचा दाखला जोडावा. अर्जात ‘माझ्या पदकांचे काय झाले’ असे विचारू नये. शीट रोलमधील पदकांच्या पानाची साक्षांकित प्रत, युनिटनिहाय सेवेच्या तारखा, आणि अमुक पदकाबाबत निघालेल्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक, वर्ष व तारीख, एवढेच मागावे. आमच्या वडिलांच्या युनिटनिहाय तारखा हाती आल्या तेव्हा इस्पितळात दाखल झाल्याची तारीख आणि डेपोत नाव चढल्याची तारीख समोरासमोर दिसली, आणि चार वर्षांचा घोळ दोन ओळींत उलगडला.

मग मुख्य अर्ज. तो एका पानाचा असावा. सैन्य क्रमांक त्याच्या शेवटच्या इंग्रजी अक्षरासह लिहावा, कारण ते अक्षर चुकले तर कागद शोधताना अडचण येते. हुद्दा, नाव आणि आडनाव डिस्चार्ज बुकात जसे आहे तसेच लिहावे. आधार कार्डावर स्पेलिंग वेगळे असेल तर ते वेगळ्या ओळीत सांगावे. विनंतीचे वाक्य आम्ही अखेर असे केले : ‘सोबतच्या नोंदींनुसार मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पलटणीच्या पटावर होतो व ती पलटण त्या काळात अमुक क्षेत्रात तैनात होती, तरी समर सेवा स्टारच्या पात्रतेची पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करून शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद घ्यावी आणि त्यानंतर पदक द्यावे.’ या क्रमाने मागितले म्हणजे वाचणाऱ्या क्लार्कला आपले काम कोणते ते लगेच कळते. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत त्यांनी लेखी मागितल्याशिवाय पाठवू नये, मागितल्यास प्रत्येक पानाची रंगीत प्रत ठेवून स्पीड पोस्टाने पाठवावी. आणि त्या पुस्तकात स्वतःच्या हाताने एक अक्षरही लिहू नये. कोणी जाणकार ‘मी भरून देतो’ म्हणाला तरी नाही. तशी एक ओळ सापडली की खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

सर्वांत कठीण प्रकरण असते ते कागदच उरले नसल्याचे. पेन्शनपात्र सेवा न झालेल्या सैनिकांची सेवापत्रके साधारण २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात, आणि १९६५ किंवा १९७१ मध्ये लढून लवकर घरी परतलेल्या अनेकांच्या बाबतीत तसेच उत्तर येते. तिथे थांबू नये. लाँग रोल नावाची नोंदवही कायम ठेवली जाते. तिच्यात सैनिकाच्या सेवेचा गोषवारा असतो, म्हणून ‘सेवापत्रक नष्ट झाले’ असे उत्तर आल्यावर पुढच्या पत्रात लाँग रोलच्या उताऱ्याची प्रत नाव घेऊन मागावी.

त्याच वेळी घरातली लोखंडी पेटी उघडावी. इस्पितळाची डिस्चार्ज स्लिप, रजेचा पास, मनीऑर्डरची पावती, पलटणीतल्या गटाचा फोटो, जुनी आंतरदेशीय पत्रे, काहीही फेकू नये. पत्रावर ९९ ए.पी.ओ. (ए.पी.ओ. म्हणजे सैनिकी टपाल कार्यालय) असेल तर सैनिक पूर्वेकडे होता आणि ५६ ए.पी.ओ. असेल तर उत्तर किंवा पश्चिमेकडे, असे सर्वसाधारणपणे मानता येते. एवढ्याने पात्रता सिद्ध होत नाही, पण तारखेच्या शिक्क्यासह ते पत्र बाकीच्या पुराव्याला आधार देते. त्याच पलटणीत, त्याच कंपनीत असलेल्या आणि ज्याच्या डिस्चार्ज बुकात ते पदक आहे अशा सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र व त्याच्या पुस्तकाची प्रत मिळाली तर फार बळ येते. हे सहकारी आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत, म्हणून हे काम पुढल्या दिवाळीवर ढकलू नये.

सैनिक हयात नसेल तर पत्नी अर्ज करू शकते, आणि तीही नसेल तर मुले. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा. पत्नीचे नाव पी.पी.ओ.वर असेल तर तोच सर्वांत सोपा पुरावा. अनेक आज्यांचे माहेरचे व सासरचे नाव नोंदीत मिसळलेले असते. ती दुरुस्ती आधी करून घ्यावी, नाहीतर पदकाचा अर्ज नावाच्या प्रश्नावर अडकतो.

माहितीच्या अर्जाला मुदतीत उत्तर न आल्यास त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. दुरुस्तीच्या अर्जावर हालचाल नसेल तर केंद्र सरकारच्या सी.पी.ग्राम्स या तक्रार संकेतस्थळावर संरक्षण मंत्रालयाच्या नावे तक्रार नोंदवावी. लेखी नकार आला आणि तो कागदांशी विसंगत असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. महाराष्ट्र मुंबई खंडपीठाच्या कक्षेत येतो. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत दाद मागायची असते, आणि निवेदनावर ६ महिने निर्णयच झाला नाही तर त्यानंतरही दाद मागता येते. म्हणूनच प्रत्येक पत्राची पोच, स्पीड पोस्टाची पावती आणि तारीख एका फाइलीत क्रमाने लावून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

दुरुस्त होऊन आलेले डिस्चार्ज बुक हाती पडले की पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक, रेकॉर्ड अधिकाऱ्याची सही आणि शिक्का तिन्ही आहेत का ते पोस्टमनसमोरच नाही तरी त्याच दिवशी तपासावे, त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या आपल्या नोंदणीला जोडून घ्यावी, आणि पदक वेगळ्या पाकिटाने येईपर्यंत घरी सही करून घेणारे कोणीतरी राहील अशी व्यवस्था ठेवावी. आमच्याकडे ते पाकीट आले तेव्हा वडील अंगणात ऊन खात बसले होते. त्यांनी आधी पुस्तक मागून घेतले, ती नवी ओळ बोटाने वाचली, आणि मगच डबी उघडली.