मराठवाड्यातून व्हीटीला जाताय? मग या चुका टाळा

नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरहून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, जनशताब्दी, वंदे भारत, तिकडून लातूर-धाराशिवकडची लातूर एक्सप्रेस, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या शेवटी जाऊन टेकतात मुंबईच्या सीएसएमटीला, म्हणजे व्हीटीलाच. मंत्रालयात फाईल अडकलेली, टाटाला पेशंट दाखवायचा, हायकोर्टाची तारीख, कामं तीच ठरलेली. पण स्टेशनात उतरल्यावर आपले लोकं त्याच त्याच चुका करतात, आणि त्यातल्या निम्म्या एका गोष्टीमुळं होतात, ती म्हणजे व्हीटी हे एक स्टेशन समजून चालणं. तिथं खरं तर शेजारी शेजारी दोन स्टेशनं आहेत. १ ते ७ नंबरचे प्लॅटफॉर्म लोकलचे, ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे. ती घुमटाची, फोटोतली जुनी बिल्डिंग लोकलच्या बाजूला, आणि आपण उतरतो तो भाग नंतर वाढवलेला, १९२९ चा.

त्यामुळं पहिली चूक, उतरल्या उतरल्या गर्दी जिकडं वळली तिकडं चालायला लागणं. गर्दीला ठाऊक असतं तिला कुठं जायचंय, तुम्हाला नसतं. सगळे प्लॅटफॉर्म एका टोकाला येऊन संपतात, रूळ पुढं जातच नाहीत, म्हणून इथं बॅगा घेऊन जिना शोधायची गरजच नाही, गाडीच्या तोंडाकडं चालत राहा की आपोआप मोठ्या हॉलमध्ये येता. तिथं थांबा आणि ठरवा. १८ नंबरकडून बाहेर पडलात तर पी. डिमेलो रोड लागतो, गाडी घेऊन कुणी न्यायला येणार असेल तर त्याला तिकडंच बोलवा. लोकल, मेट्रो, महापालिका, आझाद मैदान हे सगळं उलट्या अंगाला, डी. एन. रोडकडं. एकदा डिमेलो रोडला उतरून मेट्रो विचारत बसलात की सामानासकट पूर्ण स्टेशन आडवं तुडवायचं, आणि संगं म्हातारं माणूस असलं तर विचारूच नका. २०२५ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला आझाद मैदानावर गेलेल्यांना मात्र ही बाजू चांगली पाठ झाली असंल.

आता नावाचा घोळ. १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव दिलं, १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ ला त्यात महाराज आलं. नाव महाराजांचं आहे याचा आनंदच आहे, पण मुंबईच्या विमानतळालाही महाराजांचंच नाव, म्युझियमलाही तेच. टॅक्सीवाल्याला 'छत्रपती शिवाजी महाराज' एवढंच सांगून मोबाईलमध्ये डोकं घातलं तर कुठं पोचाल सांगता येत नाही, म्हणून सरळ सीएसएमटी म्हणा नाहीतर व्हीटी म्हणा, मुंबईत दोन्ही चालतं. तिकीट काढताना तर जास्तच बघा, ॲपमध्ये छत्रपती टाईप केलं की आपलं संभाजीनगर येतं, मुंबई येतं, कोल्हापूरचं शाहू महाराज टर्मिनसही येतं. संभाजीनगर स्टेशनचा कोडसुद्धा आता बदललाय, एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन झालाय. भुयारी मेट्रोतही सीएसएमटी वेगळं आणि सीएसएमआयए वेगळं, दुसरं विमानतळाचं आहे. एका अक्षरानं दक्षिण मुंबईतला माणूस अंधेरीकडं पोचतो.

बाहेर रिक्षा शोधत उभं राहणं ही आपल्याकडच्यांची खास चूक. कितीबी वेळ उभे राहा, येणार नाही, रिक्षाला शहराच्या या भागात परवानगीच नाही, ती शीव-वांद्र्याच्या पुढं उपनगरात दिसते. इथं काळी-पिवळी टॅक्सी. मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, आणि हॉलच्या तोंडावरच 'किधर जाना है साहब' करत जो माणूस बॅगला हात घालतो त्याच्या मागं जाऊ नका, बाहेर रांगेतली टॅक्सी घ्या, मीटर टाकायला लावा. मंत्रालयाला जायचंय तर टॅक्सीचीही गरज नाही, भुयारी मेट्रोनं तिसरं स्टेशन विधान भवन, तिथं उतरा. मेट्रो वरळीच्या पुढं सीएसएमटी, कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली, म्हणून जुन्या माणसांच्या सल्ल्यात ती नसते. बेस्टची बस पण आहेच, १० रुपयांपासून.

लोकलचं सगळ्यात जास्त चुकतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. १ आणि २ नंबरवरून हार्बर लाईनच्या गाड्या सुटतात, वडाळा, पनवेलकडच्या. या गाडीला भायखळा नाही, परळ नाही, दादर नाही. मेन लाईन ३ ते ७. टाटा किंवा केईएम हॉस्पिटलला जायचं म्हणजे परळ, आणि परळला फास्ट लोकल थांबत नाही, स्लोच पाहिजे. इंडिकेटरवर आधी गावाचं अक्षर असतं, मग टाईम, मग फास्ट का स्लो. टी म्हणजे ठाणे, के म्हणजे कल्याण, पण एस दोनदा येऊ शकतो, पहिला एस म्हणजे कर्जत आणि शेवटचा एस म्हणजे स्लो. नुसता एस बघून चढलेला माणूस कर्जत फास्टमध्ये बसून परळकडं खिडकीतून बघत जातो.

तरी चुकलंच तर घाबरायचं नाही. हार्बरमध्ये बसलात तर लगेच पहिल्या मस्जिद स्टेशनला उतरा, पूल ओलांडून मेन लाईनची स्लो पकडा. त्याच्या पुढं सँडहर्स्ट रोडला बदलायला जाऊ नका, तिथं हार्बर वरच्या मजल्यावर अन् मेन खाली, उगं जिने. फास्टमध्ये बसलात तर दादरला उतरा आणि सीएसएमटीकडं जाणारी स्लो धरून एक स्टेशन मागं या. दादरला मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म नंबर डिसेंबर २०२३ पासून ८ ते १४ झालेत, कुणी १ नंबरवर जा म्हणालं तर ते वेस्टर्नचं, म्हणजे पश्चिम रेल्वेचं आहे. पेशंटसोबत असाल तर दिव्यांगांचा डबा बघून ठेवा, कॅन्सरच्या पेशंटला त्यात बसता येतं, कागद मात्र जवळ ठेवा.

तिकिटात कंजूषी करू नका, दादरपर्यंत ५ रुपये लागतात आणि विनातिकीट सापडलात तर भाडं सोडून किमान २५० दंड. सेकंडचं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासच्या डब्यात चढलात तरी पकडतात, डब्याच्या बाहेरच्या पट्ट्या नीट बघून चढा. लोकलचं तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, सकाळीच संध्याकाळचं काढून खिशात ठेवायचं नाही. आणि संध्याकाळी ५ नंतर ठाणे-कल्याणकडच्या लोकलमध्ये ट्रंक घेऊन चढायचा विचारसुद्धा नको. सकाळी देवगिरीनं आलात तर मात्र उलट्या दिशेला जागा मिळते, कारण त्या टायमाला सगळी मुंबई व्हीटीकडं येत असते. रविवारी दुपारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा कमी, लग्नाला निघालात तर आधी बघून घ्या.

खरं म्हणजे पाव्हणे डोंबिवली-कल्याणला असतील तर व्हीटीपर्यंत जायचंच कशाला, देवगिरी कल्याणला थांबते, तिथंच उतरा. परतीला मात्र उलटं. जनरलचं तिकीट असंल तर व्हीटीवरूनच बसा, ठाण्यात दोन मिनिटांत चढायचं धाडस करू नका. रिझर्वेशनवाल्यांनी कल्याणहून चढायचं असेल तर बोर्डिंग, म्हणजे तिकिटावरचं चढायचं स्टेशन, आधीच बदलून घ्या, नाहीतर सीट दुसऱ्याला जाते. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये बसणं आता चालत नाही.

वेळ हाताशी असेल आणि बिल्डिंग बघायची असेल तर तिच्या खाली उभं राहून मान वर करू नका, काही दिसत नाही. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा. भुयारी मार्गानं जा, रस्त्यावरून पळू नका. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं डिझाईन केलेली, १८७८ ला काम सुरू झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, गेटच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलाय, सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. आणि लोकलच्या तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्ये रांगेत असाल तर छताकडं बघा, फुकटात बघायला मिळतं, बाकी आत मध्य रेल्वेची ऑफिसं आहेत, तिकडं घुसू नका. बॅगा क्लॉक रूमला ठेवायच्या तर कुलूप पाहिजे, चेनला सुतळी बांधलेली बॅग घेत नाहीत. काही हरवलं, भांडण झालं तर रेल्वेच्या हेल्पलाईनला, १३९ ला फोन लावा.

परतीच्या दिवशी भाचा सोडायला आत येणार असेल तर त्याला १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायला लावा, दोन तास चालतं. दिवाळीच्या गर्दीत ते बऱ्याचदा बंदच करतात, मग भाचा बाहेरच राहणार आणि सामान तुमच्या डोक्यावर, तेव्हा हमाल करा आणि पैसे बॅग उचलायच्या आधी ठरवून घ्या.