विकासात मागे असलेल्या मुलाचा व्यवसायोपचार घरी कसा चालवावा

'व्यवसायोपचार' हा शब्द प्रथम ऐकणाऱ्या पुष्कळ पालकांची अशी समजूत होते की, मुलाला मोठेपणी पोटापाण्याचा धंदा मिळावा म्हणून द्यायचे हे काहीतरी प्रशिक्षण असावे. येथे व्यवसाय म्हणजे माणसाला दिवसभर गुंतवून ठेवणारी कामे, आणि लहान मुलाची अशी कामे म्हणजे जेवणे, कपडे घालणे, दात घासणे, खेळणे, शाळेत बसून लिहिणे. आजारामुळे, जन्मतः असलेल्या दोषामुळे किंवा विकासातील विलंबामुळे ही कामे मुलाला जमत नसतील, तर ती त्याच्याकडून करवून घेण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी किंवा बोलण्यातली 'ओटी'. भारतात या विषयाचे रीतसर शिक्षण कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, तरी आपल्याकडे फिजिओथेरपी आणि ही एकच, असे आजही सर्रास मानले जाते. फिजिओथेरपिस्ट प्रामुख्याने स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल आणि चालणे यांकडे पाहतो, तर व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या हाताने शर्टाची बाही अंगात जाते का, हे पाहतो. अनेक मुलांना दोन्ही उपचार लागतात.

सोलापूर जिल्ह्यातील पालकांसाठी लिहिलेल्या या लेखाचा सगळा भर घरावर आहे. आठवड्यातून दोनदा पाऊण तास केंद्रात नेलेले मूल उरलेला सगळा वेळ घरात असते आणि त्याचे जेवण, अंघोळ, कपडे घरातच होतात. म्हणून उपचार या कामांमध्येच मिसळून टाकला तर तो टिकतो.

पहिली पायरी : आठवडाभर पाहा आणि लिहून ठेवा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक वही घ्यावी. 'सगळ्यातच मागे आहे' असे लिहून उपयोग होत नाही. 'वाटीतला भात हाताने उचलतो, पण तोंडापर्यंत नेताना निम्मा सांडतो. डाव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते' असे लिहावे. जमल्यास जेवतानाचे, कपडे घालतानाचे आणि इतर मुलांत खेळतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ मोबाइलवर घ्यावेत, कारण दवाखान्यात मूल बहुधा रडते किंवा गप्प बसते आणि घरी करते ते तेथे करून दाखवत नाही.

चार-पाच महिन्यांपर्यंत मान न सावरणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे, अठरा महिन्यांपर्यंत न चालणे, वर्षभरानंतरही अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू न पकडणे, नावाने हाक मारली तरी वळून न पाहणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे, ही तपासणी करून घेण्याइतकी पुरेशी कारणे आहेत. एका खुणेकडे मात्र घरोघरी कौतुकाने पाहिले जाते: वर्षभराच्या आतच बाळ सतत एकाच हाताने वस्तू घेऊ लागले की 'डावखुरा होणार' असे म्हणतात. इतक्या लहान वयात एक हात स्पष्टपणे मागे राहत असेल, तर त्या हातात अशक्तपणा आहे का, हे तपासले पाहिजे. मूल दिवस पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले असेल, तर साधारण दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेऐवजी अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून वय मोजावे.

दुसरी पायरी : तपासणी

'याचा बापही उशिराच बोलला होता' या वाक्याने अनेक मुलांची दोन-तीन मोलाची वर्षे वाया गेली आहेत. पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडण वेगाने होत असते; त्या काळात सुरू झालेल्या उपचारांचा उपयोग अधिक होतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यासाठी वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना पथकाच्या येण्याचा दिवस विचारून ठेवावा आणि त्या दिवशी पालकाने वही घेऊन स्वतः हजर राहावे. तपासणीत विलंब किंवा दोष आढळलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची तरतूद याच कार्यक्रमात आहे. पथकाची वाट पाहायची नसेल, तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, बालरोग विभागात चौकशी करावी किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्यावी. ऐकणे आणि दिसणे यांची तपासणी आधी उरकून घ्यावी. ऐकू न येणाऱ्या मुलाला 'लक्ष देत नाही' म्हणून महिनोन्महिने एकाग्रतेचे खेळ देत राहणे व्यर्थ आहे.

तिसरी पायरी : तज्ज्ञ निवडताना

महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांसाठी राज्य परिषद असून तिच्याकडे तज्ज्ञांची नोंदणी होते. पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्यानंतर दोन प्रश्न विचारावेत: 'पुढच्या तीन महिन्यांत माझे मूल नेमके कोणते काम शिकेल?' आणि 'त्यासाठी आम्ही घरी काय करायचे?' पहिल्या प्रश्नाला 'मेंदूला चालना मिळेल' असे मोघम उत्तर मिळाले आणि दुसऱ्याला 'ते आमच्यावर सोडा' असे, तर दुसरा तज्ज्ञ शोधावा. पालकांना खोलीबाहेर बसवून ठेवणारे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष) किंवा स्वमग्नता (ऑटिझम) 'पूर्ण बरी करण्याची' हमी देणारे, स्वमग्नतेसाठी स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) महागड्या उपचारांची शिफारस करणारे, या सर्वांपासून लांब राहावे.

रंगीत झोपाळे, मोठे चेंडू आणि उड्या मारण्याच्या जाळ्या पाहून पालक भारावतात. संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल यांच्या जाणिवा मेंदू कशा जुळवतो याचा सिद्धांत अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स यांनी मांडला. त्यातून आलेली ही साधने काही मुलांना उपयोगी पडतात. तथापि झोपाळ्यावर शंभर झोके घेतल्यानंतर मुलाचे जेवण, झोप किंवा वर्गात बसणे बदलले का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा येथून एसटीने येणाऱ्या पालकांना रोजची फेरी परवडत नाही. त्यांनी हे स्पष्ट सांगून पंधरा दिवसांतून एक भेट आणि मधल्या काळासाठी घरचा कार्यक्रम, अशी मागणी करावी. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलली जात असेल, तर तेही सांगावे. मुलाला सूचना घरच्याच भाषेत मिळाली पाहिजे आणि तज्ज्ञाने ते आठ-दहा शब्द आपल्याकडून लिहून घेतले पाहिजेत.

चौथी पायरी : एकच काम निवडा आणि त्याचे तुकडे करा

हा सगळ्या प्रक्रियेचा गाभा आहे, म्हणून येथे सावकाश जावे. समजा, पाच वर्षांच्या मुलाला स्वतः जेवता येत नाही आणि घरात रोज ज्वारीची भाकरी होते. आपल्याला हे एक काम वाटते. प्रत्यक्षात त्यात तोल सावरून बसणे, ताट स्थिर ठेवणे, एका हाताने भाकरी दाबून धरून दुसऱ्याने तुकडा मोडणे, तो कालवणात बुडवणे, तोंडापर्यंत नेणे, तोंड मिटणे, चावणे आणि गिळणे इतक्या पायऱ्या असतात. मूल यातल्या नेमक्या कोणत्या पायरीवर अडते, हे वहीत सापडले पाहिजे.

सुरुवात बैठकीपासून करावी. ज्याचे धड डुलते त्याचे हात धड सावरण्यातच अडकतात. खुर्चीवर बसवल्यास नितंब मागे टेकलेले, गुडघे काटकोनात आणि तळवे जमिनीवर किंवा लाकडी पाटावर टेकलेले असावेत. लोंबकळत्या पायांनी मूल नीट जेवू शकत नाही. जमिनीवर बसत असल्यास दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवून दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळलेल्या चादरी लावाव्यात आणि ताट कोपरांच्या उंचीवर येईल अशा चौरंगावर ठेवावे. ताटाखाली ओले फडके अंथरले की ते सरकत नाही. उभ्या कडांचे ताट घ्यावे, म्हणजे घास कडेला टेकवून उचलता येतो. चमच्याची दांडी बारीक वाटत असेल, तर तिच्यावर फडके गुंडाळून ती जाड करावी.

ज्वारीची भाकरी मोडायला पोळीपेक्षा अवघड असते, आणि कडक भाकरीचे तर नावच घेऊ नये. म्हणून आरंभी भाकरी कुस्करून त्यात घट्ट वरण किंवा पिठले घालावे; पातळ आमटी चमच्यातून सांडते आणि मुलाचा हुरूप जातो. त्यानंतर उलट क्रमाने शिकवण्याची पद्धत वापरावी. चमचा भरण्यापासून तो ओठांजवळ नेण्यापर्यंतचे सर्व काम आपण मुलाच्या हातावर हात ठेवून करावे आणि शेवटची दोन बोटांची वाट तेवढी त्याला एकट्याला चालू द्यावी. घास तोंडात गेला की काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ती पायरी चार-पाच दिवस सहज जमली की आपला हात थोडा आधी सोडावा. पायजमा वर ओढणे आणि सदऱ्याचे बटण लावणे हीच रीत वापरून शिकवता येते.

येथे सुरक्षिततेची काही पथ्ये कडक पाळावीत. आडव्या झोपलेल्या किंवा मान मागे टाकलेल्या मुलाला कधीही भरवू नये. दर जेवणात ठसका लागत असेल, गिळताना आवाज ओला येत असेल किंवा वारंवार छातीत कफ होत असेल, तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सोलापुरात शेंगदाणा हा रोजच्या जेवणाचा भाग आहे. पण अख्खा दाणा पाच वर्षांखालील मुलाच्या आणि चावण्या-गिळण्याची अडचण असलेल्या कोणत्याही वयाच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. चटणीसुद्धा कोरडी देऊ नये, ती दह्यात किंवा तेलात कालवून द्यावी.

पाचवी पायरी : घरातल्याच वस्तू वापरा

महागड्या खेळण्यांची गरज फारच थोड्या वेळा पडते. परातीतले पीठ मळू देणे, ओला टॉवेल पिळणे, चिमट्यांनी दोरीवर रुमाल अडकवणे यांतून बोटांची ताकद वाढते, आणि डबीचे झाकण फिरवताना दोन्ही हात एकत्र काम करू लागतात. मोठ्या मुलांना आपल्या देखरेखीखाली शेंगा फोडायला द्याव्यात. पेन्सिल धरण्यासाठी लागणारी चिमटीची ताकद त्यातून येते आणि घरातले एक खरे काम केल्याचा मानही मिळतो. ज्या घरात विड्या वळल्या जातात, तेथे मुलाची बैठक तंबाखूच्या सुपापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत असावी.

काही स्वमग्न मुलांना अंगावर घट्ट दाब मिळाला की शांत वाटते. तज्ज्ञाने सांगितले असेल तर सोलापुरी चादरीत मुलाला गुंडाळून हलकेच दाबावे. मात्र डोके आणि मान पूर्ण बाहेर असावी, मुलाला हवे तेव्हा बाहेर येता यावे, आणि चादर कधीही बांधू नये किंवा तशी गुंडाळून झोपवू नये. डाउन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असलेल्या मुलांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात, त्यामुळे डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्यांच्याकडून कोलांट्या उड्या करवून घेऊ नयेत. फिट्स येत असतील, तर झोपाळा आणि गरगर फिरण्याचे खेळ डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत.

आवाज सहन न होणाऱ्या मुलाला जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला न्यायचेच असेल, तर दुपारी, गर्दी वाढण्यापूर्वी, पंधरा मिनिटांसाठी न्यावे, कान झाकण्याचे साधन सोबत ठेवावे आणि मूल रडू लागण्याआधीच परत फिरावे. मे महिन्यात व्यायाम आणि मैदानी खेळ सकाळी नऊच्या आत उरकावेत. तापलेल्या लोखंडी घसरगुंडीवर एकदा पाय भाजलेले मूल पुन्हा बागेत यायला तयार होत नाही.

सहावी पायरी : मदतीची नोंद ठेवा

प्रगती 'जमले' किंवा 'नाही जमले' अशी मोजू नये. हात धरून करवले, मनगटाला नुसता स्पर्श केला, बोटाने दाखवले, तोंडी सांगितले, आपणहून केले अशा पाच खुणा ठरवून रोज एक खूण वहीत करावी. दोन आठवड्यांत हात धरण्यावरून मनगटापर्यंत येणे ही खरी प्रगती असते, आणि ती वहीशिवाय थकलेल्या आईला दिसत नाही. सहा-आठ आठवड्यांत खूण जराही पुढे सरकली नाही, तर मुलाला दोष न देता ती पायरी आणखी लहान करावी किंवा कामच बदलावे. घरातल्या सर्वांनी एकच रीत पाळणे मात्र आवश्यक आहे. आई चमचा देते आणि आजी मायेने भरवते, अशा घरात मूल आजीची वाट पाहते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

सातवी पायरी : कागदपत्रे आणि शाळा

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून, किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. शाळेत शिक्षकांना लांबलचक अहवाल देण्यापेक्षा 'पाय टेकतील असे बाक, पहिली रांग, फळ्यावरचे कमी उतरवून घेणे' अशा तीन ओळींची चिठ्ठी तज्ज्ञाकडून लिहून आणलेली बरी, कारण साठ मुलांच्या वर्गात तेवढेच वाचले जाते.

ताप असताना, फिट येऊन गेल्यावर किंवा मूल रात्रभर झोपले नसल्यास त्या दिवसाचा सराव सोडून द्यावा, त्याने काही बिघडत नाही. मात्र पूर्वी येत असलेले शब्द, चालणे किंवा हाताने खाणे मूल विसरू लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता वही आणि व्हिडिओ घेऊन त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे.