शवावरच्या अळ्यांची डीएनए ओळख: या चुका टाळा

शवावरच्या अळीची जात आणि वय कळलं की मृत्यूची वेळ काढता येते, आणि ती जात आम्ही डीएनएवरून ओळखतो. चुकांमध्ये सगळ्यात आधी फॉर्मालिन (अवयव टिकवायचं रसायन), कारण अर्धे नमुने तिथेच मरतात. पोस्टमॉर्टेमच्या खोलीत व्हिसेरासाठी (तपासणीला राखलेल्या आतल्या अवयवांसाठी) मिठाचं पाणी आणि हिस्टोपॅथसाठी (मायक्रोस्कोपखालच्या तपासणीसाठी) फॉर्मालिन हाताशी असतं, मग अळ्याही त्यातच टाकून मोकळे होतात. फॉर्मालिनने डीएनए जखडतो, तुटतो, पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) चालत नाही.

एका द्राक्षबागेतल्या केसच्या अळ्या आमच्याकडे नाशिकला अशाच फॉर्मालिनच्या बाटलीतून आल्या होत्या. ज्या पोराकडे काम होतं त्याला बँडच (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) मिळेना, मग कुणाला न विचारता त्याने पीसीआरच्या सायकल ३५ च्या ४५ केल्या, अंधुक बँड आला, निगेटिव्ह कंट्रोलमध्येही (नमुना न घातलेल्या नळीत) तसाच आला पण "सर तो फारच फिकट आहे" म्हणून त्याने तो सोडला आणि सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं वाचायला) पाठवून दिलं. उत्तर आलं क्रायसोमाया मेगासेफला. आदल्या आठवड्यात त्याच टेबलावर आम्ही तीच माशी चालवली होती, म्हणजे तिचाच डीएनए यात मिसळल्याची शंका! रिपोर्ट टाइप होऊन तयार होता, तो थांबवला. प्रत्येक जातीच्या वाढीचा वेग वेगळा असतो, जात चुकली की मृत्यूची वेळ चुकते, आणि त्या वेळेवर कुणाला तरी अटक होते. कंट्रोलमध्ये बँड दिसला की ती अख्खी रन फेकायची, याच्यावर माझ्याशी वाद घालू नका.

माझी सवय सांगतो. अळ्या दोन भागात घ्या. एक भाग जिवंत, लिव्हरच्या तुकड्यावर माशी होईपर्यंत वाढवायचा. दुसरा भाग अर्धा मिनिट कडक गरम पाण्यात घालून मग ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदलायचं कारण अळीतलं पाणी ते पातळ करतं. दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट नको. लेबल पेन्सिलनेच लिहा, शाई इथेनॉलमध्ये पसरते.

दुसरं, ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायच्या प्रोग्राममध्ये) सगळ्यात वरचं नाव उचलायची घाई. ९९ टक्के मॅच दिसला की पोरं नाचतात, अरे पण जेनबँक या सिक्वेन्सच्या खुल्या साठ्यात चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्स पण आहेत ना. शिवाय ल्युसिलिया क्युप्रिना या जातीच्या काही माश्यांमध्ये जुन्या संकरामुळे मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तिच्या जवळच्या ल्युसिलिया सेरिकाटा या जातीसारखा असतो, तिथे नुसता सीओआय हा मायटोकॉन्ड्रियातला जीन फसवतो. मी सोबत २८एस हा पेशीकेंद्रातला जीन बघतो, आणि वाढवलेली माशी मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय सही करत नाही. डीएनएचं किट आलं म्हणून माशी ओळखायला शिकायचंच नाही, हे मला अजिबात पटत नाही.

अळीच्या पोटातलं अन्न म्हणजे माणसाचा डीएनए, त्यामुळे पोट वगळून तुकडा घ्या. मोठ्या माशीचा एक पाय पुरतो, बाकीची पिन लावून जपा.

आणि तापमान जागेवरचंच मोजा, थंडीत निफाडचा पारा नाशिक शहरापेक्षा बराच खाली उतरतो, शहराचे आकडे लावून अळीचं वय काढलं तर ते कमी येणार.