टायरची हवा: नागपूरचा मे आणि डिसेंबर

हवा टायर गार असतानाच तपासायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. तो भरायचा नाही.

तापमान साधारण ५-६ अंशांनी बदललं की हवा १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) बदलते. मे महिन्यात ४० अंशांना ३३ भरलेली हवा डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे २८ च्या आसपास दिसते. पंक्चर नसतं, थंडी असते. (हवेऐवजी नायट्रोजन भरला असला तरी हाच नियम लागू.)

उलट चूक उन्हाळ्यातली. हायवेवर तापलेल्या टायरमध्ये ३-४ पीएसआय जास्त दिसतात म्हणून हवा सोडू नका. गार झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकून, तापून फुटतो.

पावसाळ्यात 'ग्रिप'साठी हवा कमी करण्याचा सल्लाही ऐकू नका. साचलेल्या पाण्यावर गाडी उलट लवकर तरंगते.

महिन्यातून एकदा तपासा, स्टेपनीसकट. एकच टायर वारंवार उतरत असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची पिन बदलून घ्या.