लॅपिंग करताना ओरखडे येतायत? आधी स्लरीतल्या गुठळ्या बघा

लॅपिंगमध्ये, म्हणजे घासणारी भुकटी द्रवात कालवून केलेल्या स्लरीने पृष्ठभाग घासताना, क्वार्ट्झ किंवा सफायरवर मध्येच एखादा खोल ओरखडा उमटला, की आपण लगेच भुकटीला दोष देतो. बरेचदा भुकटी चांगलीच असते. तिचे बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळी झालेली असते. ९ मायक्रॉनचे कण एकत्र आले की ती गुठळी मोठ्या कणासारखी पृष्ठभागात रुतते. शिवाय सगळा दाब थोड्याच ठिकाणी येतो.

ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी) पाण्यात वापरत असाल तर पीएच जरूर तपासा. साधारण ९ च्या आसपास त्याच्या कणांवरचा विद्युतभार जवळजवळ शून्य होतो, मग ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत आणि गोळा होतात. सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटसारखं डिस्पर्संट किंचित घातलं तर कण सुटे राहतात. किंचितच! जास्त झालं तर उलट पुन्हा गुठळ्या होऊ शकतात.

घरच्या घरी चाचणी सोपी आहे: दोन पारदर्शक बाटल्यांत तीच स्लरी घ्या, एकीतच डिस्पर्संट घाला, हलवून ठेवा. जिथे कण झपाट्याने खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसतं, तिथे गुठळ्या आहेत. सुटे कण सावकाश बसतात, पण तळाशी घट्ट थर धरतात, म्हणून स्लरी सतत ढवळती ठेवा.

ग्लिसरीन किंवा इथिलीन ग्लायकोलने द्रव दाट होतो, कण तरंगते राहतात. पृष्ठभाग झिजण्याचा वेग मात्र बदलतो, तो पुन्हा मोजा.

केडीपीसारख्या (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) पाण्यात विरघळणाऱ्या स्फटिकाला पाण्याची स्लरी लावूच नका. तिथे पाणीविरहित द्रवच हवा.