प्रकल्पाचे गुण: उतरवून आणलेल्याला मिळू नयेत म्हणून

सातवी-आठवीला प्रत्येक विषयाचे ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे (वर्षभर वर्गात चालणारं) आणि ६० संकलितचे (सत्राच्या शेवटची परीक्षा). आकारिकमध्ये तोंडीकाम, चाचणी, स्वाध्याय वगैरे असतं, पण नक्कल सगळ्यात जास्त होते ती प्रकल्पात. कारण साधं आहे: आपण गुण तयार वहीला देतो, आणि तयार वही स्टेशनरीच्या दुकानातही मिळते.

समजा, सातवीच्या विज्ञानात ४० पैकी १० गुण प्रकल्पाला ठेवलेत. विषय ‘घरातला पाण्याचा सात दिवसांचा वापर’. वाटणी अशी करा: आराखडा २, रोजच्या नोंदी ४, मांडणी १, तोंडी प्रश्न ३. मांडणीला एकच. रंगीत कव्हर, चिकटवलेली चित्रं, आईचं सुंदर अक्षर हे सगळं त्या एका गुणात बसवायचं.

आराखडा वर्गातच, एका तासात, अर्ध्या पानावर लिहून घ्या: काय मोजणार, कशाने, कधी. घरची बादली किती लिटरची हे त्यात आलंच पाहिजे. पुढे पडताळायला तेच उपयोगी पडतं. नोंदींवर तिसऱ्या दिवशी एकदा आणि सातव्या दिवशी एकदा तारखेसह सही करा. आदल्या रात्री बसून लिहिलेल्या नोंदी ओळखू येतात: साती दिवस एकच पेन, रोज १०० किंवा १५० लिटर असे गोल आकडे, नळ एक दिवसाआड येतो तरी वापर रोज सारखाच, आणि रविवारी कपडे धुऊनही आकडा तिथेच. तरी ही शंकाच. एकट्या पेनावरून आरोप करू नका.

खरी परीक्षा तोंडी. मुलामागे तीन मिनिटं धरली तर ४५ मुलांना १३५ मिनिटं लागतात, म्हणजे ३५ मिनिटांचे चार तास. बाकीच्यांना तेव्हा स्वाध्याय द्या. प्रश्न त्याच्या वहीतूनच काढा: ‘गुरुवारी आकडा का वाढला?’ ‘जलसंधारणाची बहुआयामी रणनीती म्हणजे काय?’ मोबाईलवरून उतरवलेलं वाक्य इथे अडतं. एआयकडून लिहून घेतलेलंही. पण घाबरून गप्प बसलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. बुजरेपणाचे गुण कापायचे नाहीत.

दोन वह्या सारख्या निघाल्या तर दोघांना वेगवेगळं बोलवा. नोंदींचे ४ गुण रोखा, आठ दिवसांत नव्या नोंदी मागा आणि त्या तपासून गुण द्या. सरसकट शून्य नको. शंभरपैकी ७८ म्हणजे ब-१ श्रेणी आणि ८२ म्हणजे अ-२. शिक्षा म्हणून चार गुण कापले तर श्रेणीवरून त्याचं विज्ञान किती पक्कं ते कळेनासं होतं. वागणूक वर्णनात्मक नोंदीत, म्हणजे मुलाबद्दल आपण शब्दांत लिहितो तिथे, जाऊ द्या. तिथेही ‘चोरी केली’ नाही, ‘नोंदी स्वतः घेण्यासाठी मार्गदर्शन दिले’ असं लिहा.

आराखड्याची अर्धी पानं मात्र निकाल लागेपर्यंत स्वतःकडेच ठेवा. वहीबरोबर परत दिलीत, तर पालक ‘गुण कमी का?’ विचारायला आल्यावर दाखवायला हाती काही उरत नाही.