चाळीस हजारांत कॅमेरा घेताय? या चुका टाळा

चाळीस हजार हातात आले की बहुतेक जण ते सगळे बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, घालतात. नवी बॉडी, सोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स, बजेट संपलं. मग हळदीच्या मांडवात ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो दाणेदार आणि हललेले येतात, आणि खापर फुटतं कॅमेऱ्यावर. त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते, आणि किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. ५० मिमी एफ/१.८ लेन्स तिच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, ती वाढवली की फोटो दाणेदार होतो. किट लेन्सला ज्या उजेडात आयएसओ ६४०० लागतो, तिथे हिचं काम तेवढ्याच शटरस्पीडला ६४० ते ८०० वर होतं. नवी बॉडी घेऊन एवढी मजल या बजेटमध्ये मारता येत नाही.

म्हणून वाटणी आधी कागदावर करा. बॉडी आणि किट लेन्स मिळून पंचवीस हजारांच्या आत, त्यासाठी सेकंडहँड घ्यावी लागली तरी बेलाशक घ्या. उरलेल्यात एक एफ/१.८ची लेन्स, दुसरी बॅटरी, कार्ड आणि लेन्सला बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डबा. घरातले कार्यक्रम जास्त असतील तर ५० ऐवजी ३५ मिमी घ्या. या बजेटमधल्या बॉडींत असतो त्या लहान आकाराच्या एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी लेन्स ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी भाग मावतो, आणि छोट्या हॉलमध्ये मागे सरकायला जागा उरत नाही.

लेन्स माउंटवर (बॉडीच्या लेन्स अडकवायच्या कड्यावर) बसली म्हणजे चालेल, हे गृहीत धरणं ही याहून महागात पडणारी चूक. नेहमीचा प्रसंग सांगतो. नवखा माणूस जुना निकॉन डी३३०० घेतो आणि स्वस्तात मिळाली म्हणून ५० मिमी एफ/१.८डी लेन्स. लेन्स खटकन बसते, प्रकाश मोजणारा मीटर चालतो, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं लहानमोठं होणारं भोक) चालतं, फोटोही निघतो. फक्त फोकस जागचा हलत नाही. बारशाचे निम्मे फोटो वाया जातात, दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुरुस्तीला जातो, तपासणीचे पैसे भरले जातात आणि उत्तर मिळतं: बिघाड काहीच नाही.

नावाच्या शेवटी ‘डी’ असलेल्या अशा निकॉन लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती बॉडीतल्या मोटरवर चालते. डी७२०० किंवा डी७५०० मध्ये ती मोटर आहे. डी३०००, डी५००० मालिकेतल्या एकाही बॉडीत नाही. अशा बॉडीला ‘एएफ-एस’ लिहिलेली ५० मिमी एफ/१.८जी किंवा ३५ मिमी एफ/१.८जी लागते. ‘डी’ घेऊन बसलाच असाल तर हाताने रिंग फिरवा आणि व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर झाला की बटण दाबा. पण धावत्या पोराचा फोटो असा मिळत नाही, तेव्हा ती विकून टाका. निकॉनच्याच ‘एएफ-पी’ लेन्सची गत उलटी, तिच्यात मोटर असते. तरी डी३२०० किंवा डी५१०० वर ती हातानेसुद्धा फोकस होत नाही, कारण तिची रिंगही विजेवरच चालते. दुकानात लेन्स स्वतःच्या बॉडीवर चढवा, बटण अर्धं दाबून आधी जवळचं, मग लांबचं फोकस करून पाहा. एवढाही धीर नसेल तर सेकंडहँडच्या वाटेला जाऊ नका.

जुनी लेन्स टॉर्चशिवाय घेऊ नये. दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून उजेड टाका आणि समोरून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. धुळीचे दोन-चार कण चालतील. बुरशी चालणार नाही, विकणारा ‘फोटोत येत नाही हो’ म्हणाला तरी. सेन्सरसाठी एफ/२२ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा, डाग लगेच कळतात.

फाइलचा नंबर पाहून कॅमेरा किती वापरला ते ठरवू नका. ९९९९ नंतर तो पुन्हा सुरुवातीला येतो. निकॉनमध्ये शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, फोटोच्या फाइलमधल्या माहितीत नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत नसतो.

मेगापिक्सेल मोजत बसू नका. ए४ छपाईला ९ पुरतात.

यूट्यूबसाठी घेणाऱ्यांनी माइकचं सॉकेट आधी शोधावं. कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० यांत ते नाही, आणि बाहेरून बसवताही येत नाही.

नवा कॅमेरा फारच स्वस्त मिळत असेल तर खोक्यावर एमआरपी आणि आयातदाराचा पत्ता शोधा. नसेल तर तो माल बिनवॉरंटीचा समजा आणि जीएसटीच्या पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका.

मेमरी कार्ड नवं असलं तरी एकदा काठोकाठ भरा आणि सगळ्या फाइल उघडून पाहा. नकली कार्डावर ६४ जीबी छापलेलं असतं, आत जागा बरीच कमी असते, आणि पुढच्या फाइल गुपचूप बिघडत जातात. हे काम खरेदीच्या दिवशीच करा, म्हणजे कार्ड परत करता येतं.